पोच घेतल्याशिवाय उठू नका



आम्ही गिरणी कामगार, कोर्टाची पायरी चढायला भिणारी माणसं. आमच्या शेजारच्या अपंग पोराचा संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज एका कार्यालयाने तोंडीच परत लावला. हातात कागद नाही, मग दाद कशावर मागणार? त्याचं वर्ष वाया गेलं.

तेव्हा आम्ही शिकलो. ४० टक्के अपंगत्वाचा दाखला जोडा, अर्जाची पोच घ्या, नकार लेखी मागा. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने अपंग, अनुसूचित जाती, स्त्रिया आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. आपल्या शिरगावकरांसाठी तालुका विधी सेवा समिती वडगावच्या कोर्टात आहे.

ही भीक नव्हे, हक्क आहे. एकट्याने जाऊ नका. विहारात सांगा, आम्ही सोबत येऊ.

जयभीम!