'तुमचा फोन जुना आहे' हे उत्तर नव्हे



  

संकलक आणि एन्कोडर यांच्या या परिषदेत अध्यक्षाने क्षेत्राचा आढावा घ्यावा अशी प्रथा आहे. तो थोडक्यात घेते. २००३ साली एच.२६४ हे कोडेक आलं, २०१३ मध्ये एचईव्हीसी, २०१८ मध्ये एव्ही१. दर पिढीला तेवढ्याच चित्रासाठी बिट कमी लागू लागले आणि डिकोड करणाऱ्या चिपवरचा भार वाढत गेला. बाकीचं आजच्या सत्रांमध्ये येणारच आहे. मला मात्र बरीच वर्षं मनात साठलेलं एक बोलायचं आहे.

प्रेक्षक सांगतो, "व्हिडिओ अडकतोय." आपण म्हणतो, "तुमचा फोन जुना आहे," नाहीतर "तिकडे रेंज नसेल." हे उत्तर मी स्टुडिओत ऐकलं, मीटिंगमध्ये ऐकलं, आपल्याच परिषदांच्या व्यासपीठावरून ऐकलं. मला त्याचा संताप येतो. समोरच्या फोनला काय झेपतं, हे फाईल करणाऱ्याने आधी जाणून घ्यायचं असतं. ते त्याचं कामच आहे.

द्राक्षबागायतदारांसाठी छाटणीचा एक व्हिडिओ निघाला होता. कुणी काढला ते सांगत नाही. तासगावकडच्या एका बागेत, मांडवाखाली बसून मी तो शेतकऱ्यांबरोबर पाहिला. कामगार काडीवरचे डोळे मोजतो, कात्री पुढे नेतो आणि नेमकं तिथे चित्र थांबतं. आवाज पुढे जातो. चित्र पुन्हा हलतं तेव्हा काडी कापून झालेली असते. कात्री कितव्या डोळ्यावर लागली, हे दाखवायलाच तर तो व्हिडिओ होता! शेतकरी मागे घ्यायचा, पुन्हा तिथेच अडकायचं. फाईल फोनमध्ये उतरवून घेतलेली होती, त्यामुळे रेंजला दोष देण्याचीही सोय नव्हती.

घरी आल्यावर ती फाईल तपासली. १०८० चं चित्र, १६ रेफरन्स फ्रेम, म्हणजे लेव्हल ५.१. हातातल्या फोनची चिप ४.१ च्या पुढे जात नव्हती. सीआरएफ, म्हणजे ठरावीक दर्जा, लावलेला, पण मॅक्सरेटचा, म्हणजे बिटरेटच्या कमाल मर्यादेचा, पत्ता नाही. वारा येऊन मांडवावरची पानं हलली की बिटरेट आभाळाला भिडायचा, आणि पानं हलत होती ती कात्रीच्याच शॉटमध्ये. मी मूळ चित्रण मागवून घेतलं आणि नवी फाईल केली: ७२०, २५ फ्रेम, लेव्हल ३.१, ३ रेफरन्स, मॅक्सरेट १५०० किलोबिट, बफर त्याच्या दुप्पट. दर दोन सेकंदांना कीफ्रेम ठेवली, म्हणजे मागे घेतलं की लगेच सुरू व्हावं. पानांच्या शिरा पुसट झाल्या. डोळा आणि कात्री स्वच्छ दिसली. ज्यांनी व्हिडिओ काढला त्यांची तक्रार आली की तुम्ही क्वालिटी घालवलीत. बागेतून मात्र फोन आला, "ताई, आता कळतंय."

आपल्याकडे सेकंदाला २५ फ्रेम की ३० हा वाद दर परिषदेत रंगतो. माझ्यापुरता तो एका लावणी कलावंत बाईंनी मिटवला. त्यांच्या जुन्या कार्यक्रमाचं मिनीडीव्हीवरचं चित्रण कुणीतरी मोबाईलसाठी करून दिलं होतं. टेप आपल्या पद्धतीची, सेकंदाला ५० फील्ड. करणाऱ्याने निम्मे फील्ड टाकून २५ फ्रेम केल्या, आणि फोनवर ३० बरे म्हणून दर पाचवी फ्रेम दोनदा लावली. सेकंदाला पाच हिसके. बाईंनी स्वतःची गिरकी फोनवर पाहिली, पुन्हा पाहिली आणि मला विचारलं, "इथं माझा ठेका चुकला होता का गं?" ज्या बाईने आयुष्यभर ढोलकीचा बोल पायाखालून निसटू दिला नाही, तिला आपल्या कारागिरीने स्वतःच्या पायांबद्दल शंका घ्यायला लावली. मी ५० च्या ५० फील्ड जपून ५० फ्रेमची फाईल केली. ती सावकाश एन्कोड झाली, थोडी मोठी झाली, आणि गिरकी गिरकीसारखी फिरली. जे जितक्या वेगाने टिपलंय तेच जपा. फ्रेम घालू नका, फ्रेम खाऊ नका. चित्र लहान करावं लागलं तर खुशाल करा. मला हा वाद इथेच संपलेला दिसतो.

एव्ही१ च्या उत्साही मित्रांनाही सांगते. ते उत्तम आहे, बिट वाचवतं, डेव्हवनडीसारखा डिकोडर सॉफ्टवेअरमध्येही कमाल करतो. पण चिपची साथ नसेल तर सगळा भार प्रोसेसरवर पडतो. आमच्या शेजारच्या काकू दुपारी कीर्तन लावतात. एव्ही१ ची एक फाईल त्यांच्या फोनवर लावली, तर अर्ध्या तासात फोन हातात धरवेना आणि आरतीआधी चार्जिंग संपलं. एव्ही१ जरूर करा, पण सोबत साधं आठ बिटचं एच.२६४ दिल्याशिवाय काम पुरं झालं असं मानू नका.

पूर्वी हे शहाणपण आपल्याकडे होतं. बसस्टँडजवळच्या मोबाईलच्या दुकानात मेमरी कार्ड भरून मिळायचं. दुकानदाराचा पहिला प्रश्न असायचा, "हँडसेट कुठला?" उत्तर ऐकून तो ठरवायचा की १७६ बाय १४४ चं थ्रीजीपी द्यायचं की ३२० बाय २४० चं एमपी४. गाणं अडकलं तर गिऱ्हाईक संध्याकाळी परत दारात उभं राहायचं, म्हणून तो कार्ड देण्याआधी त्याच फोनमध्ये लावून बघायचा. २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, आणि हँडसेट विचारणारं कुणी उरलं नाही. २०१७ च्या जिओफोनचा पडदा २.४ इंचांचा, ३२० बाय २४० चा. आपण त्यालाही १०८० ची फाईल पाठवत राहिलो. त्या दुकानदारांची मला फार आठवण येते. आपल्या कोणत्याही परिषदेने त्यांना कधी बोलावलं नाही.

आता स्टुडिओत काय होतं? रंगांवर आठवडा जातो, आवाजावर चार दिवस. मग रात्री साडेअकराला सर्वांत नव्या मुलाला सांगतात, "एक्स्पोर्ट मारून टाक, सकाळी पाठवायचंय." तो बिचारा हाताला येईल तो प्रीसेट लावतो. मंजुरी मिळते एसी खोलीतल्या मोठ्या मॉनिटरवर. त्या मुलाचं नाव श्रेयनामावलीत नसतं, आणि बिघडलं की बोलणी मात्र त्यालाच. एन्कोडिंग ही संकलनाच्या तोडीची कारागिरी आहे. तिला वेळ द्या, पैसे द्या, पडद्यावर नाव द्या. हे मागताना मला जराही संकोच वाटत नाही.

काही कामं सुचवते. प्रत्येक जिल्हा शाखेत जुन्या फोनांचं एक कपाट असावं: वापरून दमलेले, मेमरी भरलेले, काच तडकलेले फोन. कुठल्याही सभासदाने तिथे यावं आणि आपली फाईल लावून बघावी. मराठीत सेटिंगची एक पुस्तिका निघावी. कुणी लिहायची ते बसून ठरवू. आपल्या स्पर्धांच्या परीक्षकांनी निदान एक फेरी फोनवर पाहावी. पैशांचं काय, हे कार्यकारिणीने पाहावं.

जेवणानंतरचं पहिलं सत्र एव्ही१ चं आहे. वक्त्यांना माझी विनंती आहे की नमुने मोठ्या पडद्यावर दाखवण्याआधी या सभागृहातल्या सर्वांत जुन्या फोनवर चालवून दाखवावेत. तसा फोन ज्यांच्याकडे असेल त्यांनी कृपया पुढच्या रांगेत येऊन बसावं.