दोष बोटाचा की वाटेचा?

मुलाला शब्द फुटण्यापूर्वी बोट दाखविता येते. चांदोबाकडे तर्जनी उगारणाऱ्या तान्ह्या जिवापाशी भाषा नसते, पण हेतू असतो. आणि तो हेतू आईला तत्काळ समजतो. संगणकाशी माणसाचा व्यवहार आरंभी बव्हंशी अक्षरांचा आणि आकड्यांचा होता. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे डग्लस एंगेलबार्ट यांनी जाणकारांच्या भरल्या सभेत हाताने सरकविण्याच्या एका लहानशा उपकरणाने पडद्यावरची खूण हलवून दाखविली, आणि या यंत्राला बोटाची भाषा कळू शकते हे जगाच्या प्रत्ययास आले. त्या उपकरणाला पुढे सर्वत्र ‘माउस’ म्हणू लागले. १९९४ साली ॲपलच्या पॉवरबुक ५०० या मालिकेत नुसत्या बोटाच्या स्पर्शाने चालणारी पाटी, म्हणजे ट्रॅकपॅड, बसविण्यात आली. आणि २०१० साली तीच पाटी तारेचे बंधन तोडून मेजावरच्या संगणकाच्या सोबतीस स्वतंत्रपणे येऊन बसली.

अशी पाटी नीट चालते तेव्हा तिची आठवणही राहत नाही. बोट सरकते, पडद्यावरचा बाण सरकतो. मध्ये काही आहे हे मनाला जाणवत नाही. परंतु एखादे दिवशी बाण अडखळतो, क्षणभर थिजतो आणि मग एकदम भलत्याच ठिकाणी उडी घेतो. एक ओळ निवडावी तर तीन निवडल्या जातात. एक शब्द पुसावा तर परिच्छेद नाहीसा होतो. अशा वेळी पहिला संशय यंत्रावर जाईल असे वाटते; पण उतारवयाच्या माणसाचा संशय पुष्कळदा स्वतःवरच जातो, आणि या प्रकरणातील खरी हानी तेथे आहे.

समजा, बडोद्यास राहणारे एक निवृत्त शिक्षक आहेत. आजोबांनी मोडी लिपीत लिहिलेली घरची जुनी पत्रे देवनागरीत उतरवून ठेवण्याचे काम त्यांनी हाती घेतले आहे. घरात मोडी वाचणारे ते शेवटचे. रोज सकाळी दोन-तीन पत्रे होतात. एके दिवसापासून बाण भरकटू लागतो आणि लिहिलेला मजकूर विस्कटू लागतो. सूनबाई मायेनेच म्हणतात, “बाबा, दमता तुम्ही. आता पुरे करा की!” शिक्षक काही बोलत नाहीत, आपला हात थरथरू लागला असावा असे मनाशी ठरवितात आणि पत्रांचे गाठोडे पुन्हा बांधून ठेवतात. यंत्राचा एक किरकोळ दोष माणसाच्या खाती जमा होतो, आणि एका घराची स्मृती अर्ध्यावर थांबते.

वस्तुतः निर्णय करण्यापूर्वी साक्षी-पुरावा तपासावयास हवा होता. हात थरथरत असेल तर तो चहाचा पेला धरतानाही थरथरेल, सही करतानाही थरथरेल. तसे होत असेल तर वैद्याचा सल्ला घेणे योग्य. त्यात कमीपणा नाही. परंतु पेला स्थिर आहे, अक्षर पूर्वीसारखे वळणदार आहे आणि केवळ बाणच भरकटतो आहे, तर आरोपीच्या पिंजऱ्यात हाताला उभे करण्याचे कारण नाही.

जाणता वैद्य औषधाआधी लक्षणे पाहतो. बिघडलेल्या ट्रॅकपॅडची लक्षणे स्थूलमानाने तीन प्रकारची असतात. बोट एका जागी टेकलेले असताना बाण तेथल्या तेथे थरथरत असेल, तर दोष बहुधा स्पर्शाच्या ठिकाणी असतो. बाण थांबतो व मग उडी घेतो असे असेल, तर बोटाचा निरोप वाटेत हरवत किंवा रेंगाळत असावा. आणि तारेने जोडलेला साधा माउस लावला तरी बाण तसाच अडखळत असेल, तर ट्रॅकपॅड निर्दोष आहे. संगणकच कामाच्या ओझ्याखाली दमलेला आहे.

प्रथम स्पर्शाचा विचार. ही पाटी दाब मोजून बोट कोठे आहे हे ओळखत नाही. तिच्या पृष्ठभागाखाली विद्युत्वाहक पट्ट्यांचे सूक्ष्म जाळे असते. बोट जवळ येताच तेथील विद्युत्धारिता किंचित बदलते, आणि त्या बदलावरून बोटाचे स्थान ठरते. म्हणून ओला हात, घाम, तेल, मलम यांनी तिची फसगत होते. पावसाळ्यात दमट हवेने पाटीवर ओल धरली तर तेही कारण पुरते. टेकलेला तळहात किंवा बेसावध अंगठा हे तिला दुसरे बोट वाटू शकते. हात कोरडे करून मऊ फडक्याने पाटी पुसणे हा बिनखर्चाचा पहिला उपाय होय. आणखी एक गोष्ट आपल्या देशातील घरांत विशेष आढळते. चार्जिंगची केबल जोडलेली असतानाच बाण थरथरत असेल आणि ती काढताच स्थिर होत असेल, तर चार्जरमधून येणारा विद्युत् गोंगाट किंवा भिंतीतील अर्थिंगचा अभाव यांवर संशय घ्यावा. प्लगला तीन पिना असल्या म्हणजे तिसरीच्या मागे जमिनीपर्यंत तार गेलेलीच असते असे नाही. ते काम वायरमनकडून तपासून घ्यावे.

दुसरा विचार शक्तीचा. बॅटरी उतरली की निरोप क्षीण होतो. २०१० सालच्या मॅजिक ट्रॅकपॅडमध्ये पेन्सिल सेलची जोडी लागे. २०१५ साली आलेल्या नव्या आवृत्तीपासून आत चार्ज होणारी बॅटरी आली. सेल बदलून अथवा बॅटरी पूर्ण चार्ज करून मगच पुढचा तपास करावा. मात्र पाटी मधूनच फुगीर दिसू लागली, किंवा दाबताना पूर्वीसारखी दबेनाशी झाली, तर आतील बॅटरी फुगल्याची शंका धरून तिचा वापर व चार्जिंग तत्काळ बंद करावे. ती दाबून बसविण्याचा किंवा उघडण्याचा यत्न घरी करू नये.

आता उरली वाट. बिनतारी ट्रॅकपॅड बहुधा ब्लूटूथ या पद्धतीने बोलतो. त्याच्या रेडिओलहरींची कंपनसंख्या सुमारे २.४ गिगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला दोनशे चाळीस कोटी कंपने; आणि एका लहरीची लांबी साडेबारा सेंटिमीटरांच्या आसपास, सुमारे अर्धी वीत. हा लहरीपट्टा परवान्याविना वापरता येतो. भारतात २००५ च्या नियमांनी अल्पशक्तीच्या उपकरणांना तो खुला झाला. जे खुले असते तेथे गर्दी होते. घरचा वाय-फाय राउटर, बिनतारी कीबोर्ड, शेजाऱ्यांचे राउटर हे सारे याच चौकात उभे राहून बोलत असतात, आणि स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्ह भट्टीही याच पट्ट्यात गुणगुणते.

या कोलाहलात ब्लूटूथने एक युक्ती योजिली आहे. भरल्या जत्रेत दोन मैत्रिणींनी आधी ठरवून घ्यावे, की एक वाक्य देवळापाशी, दुसरे विहिरीपाशी, तिसरे पिंपळाच्या पारावर बोलायचे; म्हणजे एका ठिकाणी गलबला असला तरी गोष्ट तुटत नाही. तद्वत् मूळच्या ब्लूटूथ पद्धतीत ७९ उपमार्ग असून संभाषण सेकंदाला १६०० वेळा मार्ग बदलते. या जातीची कल्पना जुनी आहे. १९४२ साली अभिनेत्री हेडी लामार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांनी पाणतीराच्या बिनतारी नियंत्रणासाठी तिचे पेटंट मिळविले होते. परंतु साऱ्या जत्रेवरच ढोल वाजू लागले तर ही युक्तीही अपुरी पडते. २०१२ साली इंटेल कंपनीने प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात असे दाखविले आहे, की यूएसबी ३.० जातीची साधने आणि केबली चालू असताना त्यांच्यातून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात विस्तृत गोंगाट बाहेर पडतो आणि जवळच्या बिनतारी साधनांना तो बाधक ठरतो.

शिक्षकांच्या मेजाकडे आता नव्या दृष्टीने पाहता येते. जुन्या पत्रांची छायाचित्रे जपून ठेवण्यासाठी नातवाने एक हार्ड डिस्क आणून संगणकाला जोडली आहे. सकाळी, म्हणजे नेमक्या लेखनाच्या वेळी, तिच्यावर नकला उतरविण्याचे काम आपोआप चालते. संशयित सापडला, पण संशय म्हणजे सिद्धता नव्हे. संगणक नकलांच्या कामाने दमत असण्याचाही संभव आहे. म्हणून डिस्क चालू असताना तारेचा माउस लावून पाहावा. बाण सुरळीत चालला, तर संगणक दमलेला नाही. पाठोपाठ, ज्या ट्रॅकपॅडचा निरोप केबलमधूनही जातो, तो केबलने जोडावा. तरीही बाण सुरळीत राहिला, तर पाटी व बोट दोन्ही सुटली. दोष हवेतल्या वाटेचा. काही पाट्यांची केबल केवळ चार्जिंगपुरती असते, तेथे ही परीक्षा लागू नाही. अखेरीस डिस्क काढावी. दोष जातो का पाहावे. पुन्हा जोडावी; दोष परत येतो का पाहावे. दोन्ही वेळा उत्तर ‘होय’ आले, तर निकाल लागला.

उपायही साधा असतो. गोंगाट बाधतो तो बोलणाऱ्याच्या तोंडाशी झाल्यामुळे नव्हे, ऐकणाऱ्याच्या कानाशी झाल्यामुळे. म्हणून चांगल्या आवरणाच्या लांब केबलने डिस्क संगणकापासून दूर न्यावी. राउटर ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर न्यावा, किंवा संगणकाला इंटरनेट तारेने द्यावे. ज्या संगणकाच्या पाठीमागे अँटेना स्क्रूने बसविण्याची सोय आहे, तेथे ती बसविलेली आहे ना हे पाहावे. पेटी लोखंडी मेजाखाली कोंडलेली असेल तर ती मोकळी करावी. एवढ्यानेही भागले नाही तर संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा आणि ट्रॅकपॅडची जुनी ओळख पुसून ती नव्याने जोडावी. मात्र त्यापूर्वी तारेचा माउस हाताशी असावा, नाहीतर जोडण्याचे साधनच नाहीसे व्हायचे. शेवटी ही पाटी दुसऱ्या संगणकावर लावून पाहावी. तेथेही ती भरकटली, तर ती दुरुस्तीला देण्यास हरकत नाही.

या साऱ्या तपासात एक नियम मोलाचा आहे: एका वेळी एकच गोष्ट बदलावी, आणि परिणाम कागदावर टिपून ठेवावा. घाईने पाच गोष्टी एकदम बदलल्या तर दोष कदाचित जाईल, पण ज्ञान पदरी पडणार नाही. आणि दोष परत आला म्हणजे पुन्हा अंधारात चाचपडणे नशिबी येईल.

दिवसेंदिवस माणसाचा हात आणि त्याचे काम यांच्यामध्ये न दिसणारी साधने येत आहेत. ती चुकली म्हणजे चूक माणसाची भासते, आणि वय झालेला माणूस तो आरोप मुकाट्याने कबूल करून टाकतो. अशा वेळी त्याच्या हातातले काम काढून घेण्याआधी घरातल्या तरुणांनी अर्धा तास त्याच्या शेजारी बसावे, एक केबल काढून दुसरी लावून पाहावी. बाण तर सरळ होईलच. पण त्याहून अधिक म्हणजे, स्वतःच्या हातावरचा त्याचा विश्वास त्याला परत मिळेल.