प्रवेशाच्या वाटेवर सोबत

(वसतिगृहाच्या वार्षिक हितचिंतक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



‘आपल्या मुलींचे यश’ या विषयावर पंधरा मिनिटं बोला, असं मला सांगण्यात आलं होतं. पण यशाचे आकडे तुमच्या हातातल्या अहवालात आहेतच. बारावीच्या एका मुलीला मोठ्या संस्थेत प्रवेश मिळावा म्हणून आम्ही काय काय केलं, त्यात माझी स्वतःची काय चूक झाली आणि पुढच्या मुलींसाठी तुमच्याकडून काय हवं आहे, तेवढंच आज सांगते.

मी आयुष्यभर कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवलं. निवृत्तीनंतर शहाद्याच्या आपल्या वसतिगृहात संध्याकाळचे वर्ग घेते. ही मुलगी २०२१ साली अकरावीला आली. धडगाव तालुक्यातला पाडा, घरी पावरी बोली, आश्रमशाळेत दहावीपर्यंत मराठी आणि अकरावी विज्ञानाला एकदम इंग्रजी पुस्तकं. तिचं नाव मी घेणार नाही. ‘सांगा मॅडम, पण नाव नको,’ या अटीवर तिने परवानगी दिली आहे.

पहिल्या चाचणीत तिला पंचवीसपैकी सात गुण पडले. रडली नाही. दुसऱ्या दिवशी तिने एक वही केली आणि पानावर तीन रकाने आखले : इंग्रजी, मराठी, पावरी. ज्या शब्दाला पावरीत शब्द सापडेना, तिथे ती चित्र काढायची. घर्षणासमोर तिने उतारावरून लाकूड ओढणारा माणूस काढला होता. ती वही मी आजही नव्या मुलींना दाखवते. बारावीपर्यंत ती वर्गात पहिल्या तिघींत आली. अभ्यास तिचा तिनेच केला, त्याचं श्रेय मी घेत नाही.

आमचं काम वेगळं होतं. ते म्हणजे कागद.

मुंबई-पुण्यात ज्यांनी आपल्या मुलांचे फॉर्म भरले असतील, त्यांना वाटेल त्यात एवढं काय? पाड्यावरच्या मुलीचं ऐका. तिच्या आधार कार्डावर वडिलांचं नाव एक, दहावीच्या गुणपत्रिकेवर दुसरं. आईच्या नावात काना कमी. वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून, कारण त्या काळी गुरुजी वर्गातल्या निम्म्या मुलांची तारीख १ जूनच लिहीत. प्रवेश परीक्षेच्या अर्जावरचं नाव आणि कागदपत्रांवरचं नाव जुळलं नाही, तर पडताळणीच्या वेळी मूल अडकतं. हे दुरुस्त करायला आम्हाला चार महिने लागले.

मग जात वैधता प्रमाणपत्र. महाराष्ट्रात वैद्यकीय, अभियांत्रिकीच्या राखीव जागेवर प्रवेश घ्यायचा तर नुसता जातीचा दाखला पुरत नाही, तपासणी समितीचं वैधता प्रमाणपत्र लागतं. अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या नोंदीला तिथे मोठं वजन असतं. पण तिच्या आजोबांनी शाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं. ज्यांच्या घरात लिहिणारं कोणी नव्हतं, त्यांच्याकडे आपण सत्तर वर्षांपूर्वीचं लिहिलेलं मागतो. शेवटी आमच्या एका कार्यकर्त्याने तीन गावं पालथी घातली. एका जुन्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरमध्ये तिच्या चुलत आजोबांचं नाव सापडलं. आम्ही हे काम बारावीच्या ऑगस्टमध्ये सुरू केलं, आणि प्रमाणपत्र हातात पडायला पुढच्या वर्षीचा ऑगस्ट उजाडला. म्हणून पालकांनो, हात जोडून सांगते, मूल अकरावीला गेलं की त्याच महिन्यात कॉलेजमार्फत वैधतेचा अर्ज करा. घरात वडिलांच्या बाजूच्या कोणाला वैधता मिळाली असेल तर त्याची प्रत जपून ठेवा. पुढच्या भावंडांना तिचा मोठा आधार होतो.

आयआयटी, आयसर अशा केंद्राच्या संस्थांना मात्र केंद्र सरकारच्या नमुन्यातला जातीचा दाखला लागतो. तो वेगळा काढावा लागतो. हे माहीत नसल्यामुळे ऐन वेळी पळापळ करणारे पालक मी दरवर्षी पाहते.

तिसरी गोष्ट मोबाइल नंबर. तिच्या सगळ्या कागदांना वडिलांचा नंबर जोडलेला. आणि वडील दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत गेलेले. नीटचा अर्ज भरायला बसलो, तर ओटीपी जाणार बार्डोलीकडच्या कुठल्या तरी फडात, आणि तिथे फोनला रिचार्ज नाही. आमच्याकडे माणसं कुठेही गेली तरी होळीला गावी परततात. आम्ही होळीची वाट पाहिली. होळीच्या दिवशी मी तिच्यासोबत पाड्यावर गेले. ढोल वाजत होते, आणि आम्ही दोघी वडिलांना घेऊन रेंज मिळेल अशा टेकडीवर चढत होतो. आता नियम केला आहे : प्रत्येक मुलीच्या नावावर एक सिमकार्ड, एक ईमेल, आणि पासवर्ड लिहिलेली वही कार्यालयाच्या कपाटात.

परीक्षेचं थोडक्यात सांगते. नीटच्या अर्जात मराठी निवडलं की प्रश्नपत्रिका मराठी आणि इंग्रजी दोन्हींत मिळते. तिने मराठी निवडलं, त्याचा तिला फायदा झाला. केंद्राचं दार दीड वाजता बंद होतं, म्हणून आम्ही आदल्या रात्रीच धुळ्याला मुक्कामी गेलो. हातातली चांदीची कडी तिने कधी काढली नव्हती, ती काढून तिने माझ्याकडे दिली. साबण लावून काढावी लागली. हे आधीच घरी करून घ्यायला हवं होतं, दारावर नव्हे.

आता माझी चूक.

ती डॉक्टर होणार, हे मी ठरवलं होतं. तिच्या पाड्यावरून दवाखाना गाठायला डोंगर उतरावा लागतो. बाळंतिणीला झोळीत घालून आणलेलं मी पाहिलं आहे. मला वाटायचं, ही शिकेल आणि परत येईल. याच त्रैमासिकात तिचा फोटो आला होता आणि त्याखाली ‘भावी डॉक्टर’ असं छापलं होतं. ती ओळ मीच लिहून दिली होती. तुमच्यापैकी कितीतरी जण वसतिगृहात आले की तिला विचारायचे, ‘काय, डॉक्टर होणार ना?’ ती मान हलवायची.

नीटचा निकाल लागला. गुण चांगले होते, पण एमबीबीएसच्या जागेपर्यंत पोहोचतील असे नव्हते. हातात एक पर्याय असावा म्हणून तिने आयसरची परीक्षाही दिली होती. भौतिक, रसायन, जीवशास्त्र, गणित, प्रत्येकी पंधरा प्रश्न. ती परीक्षा मराठीत नसते, तरी तिने इंग्रजीतून दिली. देशात आयसर सात आहेत, त्यांतल्या पुण्याच्या आयसरमध्ये तिला जागा मिळाली. जागा स्वीकारायला मोजकेच दिवस होते.

मी तिला म्हणाले, ‘एक वर्ष थांब. पुन्हा नीट दे. खर्च संस्था करेल.’ ती म्हणाली, ‘हो मॅडम.’ मी निश्चिंत झाले.

तिसऱ्या दिवशी तिचे वडील एसटीने शहाद्याला आले. पेरणीचे दिवस, म्हणजे काहीतरी तसंच कारण असणार. बराच वेळ बाहेरच्या ओट्यावर बसून राहिले. मग म्हणाले, ‘बाई, आमची पोरं मोठ्या माणसापुढे नाही म्हणत नाहीत. ती तुम्हाला हो बोलली. पण घरी दोन दिवस जेवली नाही.’

मी तिला बोलावून घेतलं आणि दोन वर्षांत पहिल्यांदा विचारलं, ‘तुला काय शिकायचं आहे?’ ती आधी गप्प राहिली. मग म्हणाली, ‘मॅडम, आमच्या पाड्यावर वरच्या झऱ्याला उन्हाळ्यात पाणी असतं आणि खालची विहीर आटते. असं का, हे मला आठवीपासून शोधायचं आहे.’

मी पदार्थविज्ञान शिकवणारी बाई. सातपुड्याचा खडक थराथरांचा असतो, पाणी एखाद्या थरावर अडतं आणि तिथूनच झऱ्यासारखं बाहेर येतं, एवढं मला ठाऊक होतं. पण या मुलीच्या मनात हा प्रश्न आहे, हे मला ठाऊक नव्हतं. तिला मी रोज शिकवत होते, तिला ऐकत नव्हते.

मुदत संपायला एक दिवस उरला होता. शुल्काची रक्कम तिच्या घरी नव्हती, आणि शिष्यवृत्ती येते ती प्रवेशानंतर. इथल्याच एका हितचिंतकांना रात्री नऊला फोन केला. त्यांनी एकही प्रश्न न विचारता पैसे पाठवले. सकाळी जागा पक्की झाली.

इथे गोष्ट संपली असती तर टाळ्या घेऊन मी खाली बसले असते. पण पहिल्या सत्रात ती गणितात नापास झाली. रात्री फोन आला, ‘मॅडम, मी परत येते. इथली मुलं फार पुढे आहेत.’ मी रात्रीच्या गाडीने पुण्याला गेले. दिवसभर तिच्याबरोबर राहिले, फारसा उपदेश केला नाही. तिला तिची तीन रकान्यांची वही दाखवली, मी बरोबर नेली होती. संध्याकाळी ती स्वतःच म्हणाली, ‘या सुट्टीत गणित पुन्हा करते.’ तिने तो विषय सोडवला. आज ती तिसऱ्या वर्षाला आहे. पुढे काय होईल, परत येईल की नाही, हे मी आता तिला विचारत नाही.

तिच्याच बरोबरच्या एका मुलीने घराजवळ राहायचं म्हणून नर्सिंग घेतलं. तिचाही निर्णय तितकाच तिचा आहे, आणि मला दोघींचा सारखाच अभिमान आहे.

आता तुमच्याकडे मागणं. देणगी तुम्ही देताच, ती द्याच. पण आणखी चार गोष्टी हव्या आहेत.

पहिली, तुमचे दिवस. मार्च ते ऑगस्ट या काळात दोन मुलींमागे एक असा माणूस हवा, जो तहसील, प्रांत कार्यालय, सेतू केंद्र इथे त्यांच्यासोबत रांगेत उभा राहील. एरवी एका दाखल्यासाठी बापाची दोन दिवसांची मजुरी बुडते.

दुसरी, प्रवेश शुल्क आणि प्रवासासाठी वेगळा निधी, ज्यातून एका दिवसात पैसे देता येतील. मूल शिष्यवृत्ती आली की परत करेल. तिने केले.

तिसरी, जे पुण्या-मुंबईत, नाशकात राहतात त्यांच्यासाठी. आमची मुलं तिथे एकटी असतात. महिन्यातून एका रविवारी जेवायला बोलवा. पहिल्या वर्षी सोडून परत येणारी मुलं बहुधा अभ्यासापेक्षा एकटेपणाने परत येतात, असा माझा अनुभव आहे.

चौथी गोष्ट फुकट आहे. वसतिगृहात याल तेव्हा ‘डॉक्टर होणार ना?’ असं विचारू नका. ‘तुला काय शोधायचं आहे?’ असं विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा. आमची मुलं पटकन बोलत नाहीत. थोडं जास्त थांबावं लागतं.

यंदा बारावीला अकरा मुली आहेत. त्यांच्या नावांची यादी बाहेर टेबलावर ठेवली आहे. समोरची जागा कोरी आहे, सोबत करायला तयार असाल तर तिथे आपलं नाव लिहा.