दिसणारं चाक, मोजणारं चाक

(नांदेड येथे वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



माळेगावची जत्रा इथल्या बहुतेकांनी पाहिलेली आहे. मार्गशीर्षाच्या अखेरीस खंडोबाच्या नावानं भरणारा तो बाजार, घोडे, उंट, गाढवं, तमाशाच्या राहुट्या. माझ्या लहानपणी तिथे एक चक्रीवाला बसायचा. त्याचं लाकडी चाक माझ्या डोळ्यांसमोर अजून आहे. काठाला बारा खिळे, दोन खिळ्यांच्या मध्ये एकेक चित्र. छत्री, कबूतर, कमळ, घोडा. वरून चामड्याची एक पट्टी लोंबायची. चाक फिरवलं की ती पट्टी खिळ्यांवर टकटक वाजायची, आवाज मंदावत जायचा आणि शेवटचा खिळा ओलांडते की नाही, इथे पोरांचे श्वास अडकायचे. तुमचं चित्र आलं तर लावलेल्या पैशांचे दहापट.

माझे वडील चौथी शिकलेले. त्यांनी मला चाकाजवळ नेलं आणि म्हणाले, "खिळे मोज." मी मोजले. "बारा घरं हायेत, देतो दहा. दोन त्याची." जुगाराच्या गणितावर मी पुढे तीस वर्षं मुलांना संभाव्यता शिकवताना बोललो, पण याहून स्वच्छ पाठ मला कधी देता आला नाही. त्यातला महत्त्वाचा शब्द 'मोज' हा होता. चक्रीवाला लबाड असेल नसेल, त्याचे खिळे उघड्यावर होते.

मटक्याचंही तसंच. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराच्या उघडत्या आणि बंद होत्या भावांवर मुंबईत आकडा लागायचा. ते भाव बंद झाल्यावर कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांच्या हातात तो पत्त्यांवर आला आणि 'ओपन-क्लोज' हे शब्द आपल्या मराठवाड्यातल्या पानटपऱ्यांपर्यंत पोचले. दहा आकडे, लागला तर रुपयाला नऊ. शंभर जोड्या, लागली तर रुपयाला नव्वद. शेकडा दहा मालकाचे. घरं बुडाली, ते मी पाहिलेलं आहे आणि त्याची भलामण मला करायची नाही. पण हा दहा टक्क्यांचा हिशोब कोणत्याही हमालाला तोंडपाठ होता. आज ज्या यंत्राबद्दल बोलायचं आहे, त्यात नेमकं हे मोजणं काढून घेतलेलं आहे. माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते मी तुम्हाला उलगडून दाखवणार आहे.

स्लॉट मशीनचा जन्म अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्कोचा. १८९० च्या दशकात चार्ल्स फे या बव्हेरियातून आलेल्या कारागिराने 'लिबर्टी बेल' नावाचं यंत्र बनवलं. तीन चाकं, प्रत्येकावर दहा थांबे. दांडा ओढला की स्प्रिंग ताणली जायची, चाकं फिरायची आणि एकामागून एक अडकायची. दहा गुणिले दहा गुणिले दहा, म्हणजे हजार शक्यता. तीन घंटा एका ओळीत आल्या की सर्वांत मोठं बक्षीस, पन्नास सेंट. काचेतून बघणाऱ्याकडे चिवटपणा असेल तर तोही थांबे मोजू शकत होता. १९६३ मध्ये बॅली कंपनीने 'मनी हनी' यंत्रात विजेची मोटर आणि नाण्यांचं मोठं भांडं बसवलं, त्यामुळे यंत्र स्वतःच पाचशे नाणी ओतू लागलं. तरी निकाल चाकच ठरवत होतं.

इथे मालकांची एक अडचण होती, ती नीट समजून घ्या. समजा चाकावर २२ थांबे आहेत आणि त्यात जॅकपॉटचं चिन्ह एकदाच आहे. तीन चाकांवर ते एका ओळीत येण्याची शक्यता १०,६४८ मध्ये एक. मग रुपयाला दहा हजारांच्या वर बक्षीस ठेवलं की मालक बुडाला. लाखाचं, कोटीचं बक्षीस हवं तर चाकं घरभर मोठी करा, नाहीतर पाच-सहा चाकं लावा. दोन्ही बाबतींत खेळणाऱ्याला दिसतं की हे काही लागणारं नाही.

इंगे टेल्नेस या मूळच्या नॉर्वेच्या अभियंत्याने हा पेच सोडवला. त्याच्या पेटंटला १९८४ मध्ये मंजुरी मिळाली. कल्पना अशी, की निकाल चाकाने ठरवायचाच नाही. यंत्रातल्या चिपने एक संख्या काढायची, त्या संख्येवरून कोणता थांबा ते ठरवायचं, आणि चाकाने फक्त तिथे जाऊन उभं राहायचं.

हे पाहा, मी कागदाच्या दोन पट्ट्या आणल्या आहेत. पहिलीवर २२ घरं, हे तुम्हाला काचेतून दिसणारं चाक. दुसरीवर ६४ आकडे, हे चिपमधलं चाक. आता ६४ आकडे २२ घरांत वाटायचे आहेत. जॅकपॉटच्या घराला मी एकच आकडा देतो. स्वस्त चिन्हांना तीन-तीन, चार-चार. आणि जॅकपॉटच्या अगदी वरचं आणि अगदी खालचं जे रिकामं घर, त्यांना पाच-पाच, सहा-सहा. डोळ्यांना अजून २२ घरंच दिसतात. शक्यता मात्र आता २,६२,१४४ मध्ये एक झाली. पट्टी १२८ आकड्यांची केली की २०,९७,१५२ मध्ये एक. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या लातूर जिल्ह्याची लोकसंख्या साडेचोवीस लाख होती, यावरून अंदाज करा. चाकाचा आकार एक सूतभरही वाढला नाही.

आणि त्या शेजारच्या रिकाम्या घरांचं काय झालं, ते बघा. चाक वारंवार तिथेच थांबणार. म्हणजे जॅकपॉटचं चिन्ह ओळीच्या बोटभर वर किंवा बोटभर खाली पुन्हा पुन्हा दिसणार. "थोडक्यात हुकलं!" माळेगावच्या चाकावरही हुकायचं, पण ते लाकडाचं आणि चामड्याचं हुकणं होतं. हे वाटप करून बसवलेलं हुकणं आहे. माणसाचं मन दोन्हींत फरक करत नाही. ते म्हणतं, जवळ आलंय, अजून एक डाव.

आमच्या शेजारचा एक मुलगा नीटच्या तयारीसाठी लातूरला खोली घेऊन होता. रिपीटरचं वर्ष. एके दिवशी तो माझ्याकडे वही घेऊन आला. पुढून भौतिकशास्त्राची गणितं आणि मागून उलट्या बाजूने रकाने. वेळ, लावले, आले, आणि चौथा रकाना 'हुकलं'. मोबाईलवरच्या चाकाच्या खेळाच्या ४१२ नोंदी त्याने केल्या होत्या. विज्ञानाचा विद्यार्थी, त्याला वाटलं नोंदी ठेवल्या की नियम सापडेल. "सर, रात्री दोननंतर लागतं असं दिसतंय. तुम्ही जरा बघता का?" मला त्याचा राग आला नाही. नोंद ठेवणारा हात मला ओळखीचा वाटला.

म्हणून त्याला मी चिपमधली संख्या कशी निघते, ते दाखवलं. तुम्हालाही दाखवतो. एक संख्या घ्या, पाचने गुणा, तीन मिळवा, सोळाने भागून बाकी ठेवा. त्या बाकीवर पुन्हा तेच. १ पासून सुरू केलं की ८ येतो, मग ११, १०, ५, १२, १५, १४, ९, ०, ३, २, १३, ४, ७, ६, आणि पुन्हा १. बघणाऱ्याला आकडे वेडेवाकडे वाटतात, करणाऱ्याला पुढचा आकडा माहीत असतो. मी हे वर्गात मांडलं होतं तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला होता, "सर, एक विषम, एक सम, असंच चाललंय." बरोबर होतं तिचं. सोळाच्या जागी प्रचंड मोठी संख्या आणि याहून गुंतागुंतीची रीत घेतली की हा ठसा झाकला जातो. खऱ्या यंत्रात हे गुणणं-भागणं कोणी खेळत नसतानाही सेकंदाला शेकडो वेळा चालू असतं. तुम्ही बटण दाबता त्या क्षणाची संख्या उचलली जाते. रात्रीचे दोन, मशीन तापलं, मशीनने बरेच दिवस दिलं नाही, यातलं काहीही त्या चिपला माहीत नसतं.

त्या पोराने तेव्हा मला विचारलं, "मग चाक फिरतं कशाला?"

निकाल लागून गेलेला असतो, चाक नंतर फिरतं. मलाही हे असं थेट कधी सुचलं नव्हतं.

ही रीत जो लिहितो, त्याच्या हातात काय ताकद असते, याचं एक उदाहरण सांगतो. अमेरिकेत अनेक राज्यांच्या लॉटऱ्या एकत्र चालवणाऱ्या संस्थेत एडी टिप्टन हा माहिती-सुरक्षेचा प्रमुख होता. त्याने आकडे काढणाऱ्या संगणकात काही ओळी घातल्या. वर्षातले ठरावीक तीन दिवस आले आणि बाकीच्या अटी जुळल्या की आकडे त्याला आधी काढता येतील, असे यायचे. २०१० मधल्या १ कोटी ६५ लाख डॉलरच्या एका तिकिटाने तो उघडा पडला आणि २०१७ मध्ये त्याला शिक्षा झाली. तिथे तपासणारी यंत्रणा होती, तरी तो सापडायला वर्षं लागली.

पण फसवणूक हा माझा मुख्य मुद्दा नाही. यंत्र शंभर टक्के प्रामाणिक आहे असं धरा. मालकाचा हिस्सा मटक्याइतकाच, शेकडा दहा, असं धरा. मटक्यात दिवसाला दोन आकडे. दोन्ही वेळा दहा-दहा रुपये लावले तर सरासरी रोजचे दोन रुपये गेले. यंत्रात सहा सेकंदांना एक डाव, तासाला ६००. दहाच रुपयांचे डाव धरले तरी तासाला ६,००० लागले आणि सरासरी ६०० गेले. टक्केवारी तीच. म्हणून "आमचं मशीन नव्वद टक्के परत देतं" ही पाटी वाचून कोणी सुखावू नये. अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात तर कायद्याने किमान ७५ टक्के परत देण्याची अट आहे. ते टक्के प्रत्येक डावाचे असतात, खिशातल्या पैशांचे नसतात. परत आलेले नव्वद आपण पुन्हा लावतो.

आता बोनस. या शब्दाला आपल्याकडे दिवाळीचा वास आहे, म्हणून तो जास्त नीट बघू. कॅसिनोत यंत्रांच्या रांगेवर एक फलक असतो आणि त्यावर वाढत जाणारा आकडा. समजा तो ४० हजारांपासून सुरू होतो आणि ५० हजारांच्या आत फुटणार, अशी हमी आहे. यंत्रणा सुरुवातीलाच या दोहोंमधली एक गुप्त संख्या निवडून ठेवते, समजा ४७,३१२. रांगेतल्या प्रत्येक डावाचा एक टक्का आकड्यात पडतो. दहा रुपयांचे दहा पैसे. ज्याच्या दहा पैशांनी ती संख्या ओलांडली, त्याला सगळं बक्षीस. गल्लीतल्या भिशीसारखं वाटतं ना? हिशोब करा. ४० ते ५० हजारांच्या मध्ये, सरासरी ४५ हजारांवर ते फुटणार. तिथवर पोचायला पाच हजार रुपये जमायला हवेत, आणि टक्क्याने पाच हजार जमायचे म्हणजे पाच लाखांचे डाव व्हायला हवेत. पाच लाखांवर ४५ हजार, म्हणजे नऊ टक्के. हे नऊ टक्के मालकाच्या हिश्शातून येत नाहीत. रांगेतल्या बाकीच्या डावांचं देणं तेवढं बारीक करून ठेवलेलं असतं. मोफत डाव, दुसऱ्या पडद्यावरच्या पेट्या, सगळ्यांचा खर्च असाच आधी बेरजेत धरलेला असतो.

मोबाईलवरचा 'हजार रुपयांचा वेलकम बोनस' आणखी सोपा आहे. खाली बारीक अक्षरांत अट असते, बोनसच्या तीसपट खेळल्याशिवाय पैसे काढता येणार नाहीत. तीस हजारांचे डाव. मालकाचा हिस्सा पाचच टक्के धरला तरी दीड हजार गेले. हजार मिळवायला दीड हजार.

आणखी एक गोष्ट. आता एका डावात वीस-वीस ओळींवर पैसे लावता येतात. वीस रुपये लावले, आठ परत आले, तर दिवे लागतात आणि गाणं वाजतं. बारा रुपये गेल्याचं गाणं. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० मध्ये खेळणाऱ्यांच्या त्वचेवरच्या घामाचं मापन केलं, तेव्हा या हरण्याला त्यांचं शरीर जिंकल्यासारखंच उत्तर देत होतं. त्या वहीत मी आणि तो मुलगा पेन्सिल घेऊन बसलो. 'आले' या रकान्यात ११८ बरोबरच्या खुणा होत्या. त्यातल्या ७३ लावलेल्या रकमेपेक्षा कमी होत्या. तो बराच वेळ त्या खुणांकडे बघत राहिला.

आपल्या राज्यात कॅसिनोचा कायदा १९७६ मध्ये झाला, पण तो कधी अमलात आला नाही, आणि २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तो रद्द करण्याचा निर्णय घेतला. हा निर्णय योग्य होता असं माझं स्पष्ट मत आहे. गोव्याने १९९२ मध्ये पंचतारांकित हॉटेलांत ही यंत्रं चालू दिली, पुढे मांडवीत बोटी आल्या, आणि २०२० मध्ये तिथल्या सरकारने स्वतःच्याच रहिवाशांना कॅसिनोची दारं बंद केली. आपली पोरं मात्र नांदेडहून, लातूरहून तिथे जातात. आणि ज्यांना जाणं परवडत नाही, त्यांच्या खिशात ते चाक आलं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, कौशल्याचा की नशिबाचा हा भेद न करता. चांगलं झालं. पण परदेशातून चालणाऱ्या साइट्स नवनव्या नावांनी येत राहतात, आणि मेसच्या पैशांचा क्यूआर कोड आणि डावाचा क्यूआर कोड मोबाईलला सारखेच दिसतात.

त्या ४१२ डावांत वीस-वीसप्रमाणे ८,२४० रुपये लागले होते आणि ६,५९० परत आले होते. गेले १,६५०, अर्ध्या महिन्याची मेस. त्याच्या आईला त्याने ते स्वतः सांगितलं, मी फक्त शेजारी बसलो होतो. 'हुकलं' या रकान्यात ९७ खुणा होत्या.

नंतर त्याने वहीच्या शेवटच्या पानांवर स्वतःचं यंत्र बनवायला घेतलं. २२ घरांची पट्टी, शेजारी ६४ आकडे आणि मधून बाण. कोणत्या घराला किती आकडे दिले की किती वेळा हुकतं, ते तो फाशांनी काढून तपासतो. त्याच्या परवानगीने वही आणली आहे, नाव झाकलेलं आहे. इथे टेबलावर ठेवतो. कार्यक्रम संपल्यावर शाळेतल्या मुलांनी आधी यावं, मोठ्यांनी नंतर. दोन चाकं पूर्ण झालेली आहेत. तिसरं रिकामं आहे, मे महिन्यात परीक्षा झाली की भरतो म्हणालाय.