फक्त अ‍ॅडमिन बोलणार?

(वस्तीतल्या युवक शिबिरात केलेलं भाषण)



मी मॅट्रिक झालेला माणूस. दिवसा गोदीत स्टीलच्या कॉईलींना स्लिंग लावतो, रात्री कविता लिहितो. संगणकाचं शास्त्र मला सांगता येणार नाही. पण ज्या मोबाईलच्या ग्रूपवर आपण रोज तासन् तास घालवतो तो कुणाच्या मालकीचा, एवढं विचारायला शास्त्र लागत नाही.

आमच्याकडे ठेकेदाराच्या मुकादमाचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रूप आहे. पाळी कुणाची, जहाज कुठल्या धक्क्याला, सगळं त्यावर येतं. सेटिंग अशी, की मेसेज फक्त अ‍ॅडमिन टाकणार. ही सोय २०१८ साली आली. तेव्हापासून एक बोलतो, बाकीचे अंगठा वर करतात. ओव्हरटाईमचं काय झालं, हे विचारायला तिथं जागाच नाही. ही दवंडी झाली. दवंडी वाईट नाही; उद्या मोर्चाची वेळ बदलली तर सगळ्यांना एकदम कळलंच पाहिजे. पण दवंडीला सभा म्हणू नका.

आणि हे मुकादमच करतो असं नाही. आपल्या संघटनांचे ग्रूप उघडा. साहेबांचा दौरा, साहेबांचा फोटो, फोटोखाली दोनशे हात जोडलेले. जयंतीच्या वर्गणीचा हिशोब कुणी विचारला की दोन मिनिटांत तो पोरगा ग्रूपच्या बाहेर. नवा मुकादम निळा झेंडा घेऊन आला एवढंच!

हत्यार कोणतं कशासाठी, हे ओळखायला हवं. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ नावं बसतात. ज्यानं तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच मेसेज पोचतो, आणि त्याचं उत्तर एकट्या तुम्हाला येतं. चॅनेलवर वाचणारे कितीही, पण त्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. टेलिग्रामनं ते २०१५ ला काढलं, व्हॉट्सअ‍ॅपनं २०२३ ला. ग्रूपवर मात्र १०२४ माणसं एकमेकांशी बोलू शकतात, भांडू शकतात. म्हणून चर्चेला ग्रूपच. पण तिथं प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो. आपल्या बहिणी ग्रूपमध्ये का बोलत नाहीत, म्हणून कार्यकर्ते तोंड वर करून विचारतात. रात्री अकरा वाजता अनोळखी माणसाचा 'हाय' येतो, म्हणून बोलत नाहीत. त्या 'हाय'वाल्याला आधी हाकला, मग विचारा.

आम्ही गोदीतल्या पोरांनी मुकादमाला वगळून आमचा वेगळा ग्रूप काढला. सगळ्यांना बोलायची मुभा. पहिल्यांदाच कळलं, की एकाच पाळीला कुणाला किती रोज मिळतो. तीन आठवडे नुसती आग. मग कुणीतरी स्क्रीनशॉट काढून ठेकेदाराला दिला आणि दोघांना काम मिळणं बंद झालं. मेसेज वाटेत कुणाला वाचता येत नाही असं कंपनी सांगते, २०१६ पासून तशी कुलपं घातली आहेत. मान्य. पण शेजारी बसून चहा पिणाऱ्या फितुरावर कंपनी कुलूप घालत नाही. तेव्हापासून रोजाचे आकडे ग्रूपवर, नावं नाहीत. नावं धक्क्याबाहेरच्या टपरीवर, तोंडी. त्या दोघांसाठी दर शनिवारी डबा फिरतो.

आणि खोटं? १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावानं ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेचून मारलं. पोरं पळवणारी टोळी आलीय, ही अफवा मोबाईलवरून आधीच गावोगाव पोचली होती. त्याच महिन्यात कंपनीनं भारतात एक मेसेज एका वेळी पाच जागीच पुढं ढकलता येईल अशी मर्यादा घातली. पाच माणसं गेल्यावर पाचची मर्यादा! ज्यांना गाव नाही, दार नाही, त्यांच्यावर अफवा आधी पडते. ते कोण, हे मी तुम्हाला सांगायला नको. आपल्या ग्रूपवर 'पुढे पाठवा' लिहिलेलं काही आलं की आधी विचारा : कुठलं गाव, कधी, कुणी पाहिलं?

आता मालकी. ३१ जानेवारी १९२० ला बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढला, तेव्हा पैसे मोजूनही 'केसरी'नं त्याची जाहिरात छापली नाही. भिंत दुसऱ्याची असली की असं होतं. आज भिंतवाला जाहिरात घेतो, गोड बोलतो, पण भिंत त्याचीच. याहू ग्रूप्स आठवतात का? तुम्ही लहान होता, मीही होतो. ई-मेलवरून चालणारे ते ग्रूप जगभर पसरले होते. जातीच्या प्रश्नावर देशोदेशीचे आपले लोक तिथं भांडत, बातम्या वाटत. ऑक्टोबर २०१९ मध्ये कंपनीनं जाहीर केलं, साठवलेलं सगळं पुसणार. वर्षानुवर्षांचे वाद, फायली, फोटो. स्वयंसेवक वाचवायला धावले तर त्यांचीच खाती बंद केली. १५ डिसेंबर २०२० ला ग्रूपही बंद. कुणाला विचारलं? भाडेकरूला कोण विचारतो!

म्हणून मी म्हणतो, ग्रूप चालवा, पण नुसत्या ग्रूपवर राहू नका. अ‍ॅडमिन तीन असू द्या, त्यात एक बाई, आणि दर सहा महिन्यांनी बदला. जे ठरलं ते रविवारी एकानं वहीत उतरवावं. ज्यांना संगणक येतो त्यांनी मेलमॅन शिकून घ्या. मेलिंग लिस्ट चालवायचं ते फुकटचं सॉफ्टवेअर आहे, आपल्या भाड्याच्या सर्व्हरवर चालतं आणि यादी आपल्या हातात राहते. 'बहिष्कृत भारत' १९२७ ला निघाला आणि १९२९ ला बंद पडला, पुरेसे वर्गणीदार नव्हते म्हणून. आज अंगठे हजार मिळतात, वर्गणी द्यायला वीस जण पुढे येत नाहीत. हे मला झोंबतं, तुम्हालाही झोंबू दे.

दारात वही ठेवलीय. नाव, नंबर, वर्गणी लिहा. ज्या बहिणीला नंबर द्यायचा नसेल तिनं नाव आणि गल्ली लिहावी, अंक हातात आणून देऊ. ज्यांच्याकडे मोबाईल नाही त्यांचंही तसंच. रविवारी माझी पाळी नसते.