तारेची पारख
(प्राथमिक शिक्षकांपुढे केलेले भाषण)



वर्गात शुद्धलेखन सांगताना बाहेरून बैलगाडी खडखडत गेली, तर आपण काय करतो? क्षणभर थांबतो, शब्द पुन्हा उच्चारतो, वेग कमी करतो. दूरध्वनीच्या तारेवरून संदेश धाडणारा मोडेम नेमके हेच करतो. त्याचीच थोडी ओळख करून घेऊ.

साधा दूरध्वनी मनुष्याच्या आवाजासाठी बांधलेला. सेकंदाला सुमारे ३०० ते ३,४०० कंपनांपर्यंतचाच ध्वनी त्यातून जातो. मोडेम संगणकातील अंकांचे या मर्यादेत बसणाऱ्या स्वरांत रूपांतर करतो आणि दुसऱ्या टोकाचा मोडेम त्या स्वरांचे पुन्हा अंक करतो. मात्र संदेश पाठविण्यापूर्वी दोघेही तार तपासून घेतात आणि तिला झेपेल तोच वेग ठरवितात.

ही पारख डेसिबेल या मापात होते. हे माप बेरजेचे नसून पटीचे आहे. १० डेसिबेल म्हणजे दहापट, २० म्हणजे शंभरपट, ३० म्हणजे हजारपट शक्ती. संदेश गोंगाटापेक्षा हजारपट सबळ असेल, तर त्यांचे गुणोत्तर ३० डेसिबेल होय. क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली मांडलेल्या सूत्राप्रमाणे अशा तारेतून सेकंदाला सुमारे ३१,००० अंकांहून अधिक निर्दोषपणे जाऊ शकत नाहीत. १९९४ च्या व्ही.३४ मानकाचा वेग २८,८०० होता. तो या मर्यादेच्या किती जवळ पोहोचला होता, हे पाहण्यासारखे आहे.

पुढे त्याच तांब्याच्या तारांवर आवाजाहून कितीतरी उच्च कंपनांचा उपयोग करणारे डीएसएल मोडेम आले. त्यांच्या माहितीपानावर दोन आकडे दिसतात. पहिला क्षीणन, म्हणजे वाटेत संदेश किती अशक्त झाला ते. तार लांब असेल तितका हा आकडा मोठा. दुसरा राखीव शिल्लक, म्हणजे चालू वेगाला आवश्यक त्याहून संदेश किती सबळ आहे ते. ही शिल्लक बहुधा ६ डेसिबेल ठेवतात. त्यामुळे गोंगाट जवळजवळ चौपट झाला तरी संबंध टिकतो.

क्षीणन सहसा स्थिर असते. ते एकाएकी वाढले, तर सांधा गंजला किंवा तारेस इजा झाली असा संशय घ्यावा. क्षीणन तेच आणि शिल्लक मात्र घसरली, तर गोंगाट वाढला आहे असे समजावे. ओलसर सांधा, जवळची विजेची मोटर, शेजारच्या तारांतील संदेश ही त्याची नेहमीची कारणे. ज्यांच्या शाळेत अशी तार अद्याप आहे, त्यांनी कोरड्या व पावसाळी दिवशीचे दोन्ही आकडे वहीत टिपून तक्रारीस जोडावेत. "यंत्र चालत नाही" या तीन शब्दांपेक्षा ते दोन आकडे दुरुस्ती करणाऱ्यास अधिक सांगतात. आज पुष्कळ ठिकाणी तांब्याची जागा काचतंतूने घेतली आहे. तथापि त्यातील प्रकाशाचे क्षीणनही डेसिबेलमध्येच मोजतात.

आता मूळ विषयाकडे वळतो. एखादा मुलगा शुद्धलेखनात वारंवार चुकला, की आपण त्याला मंद ठरवून मोकळे होतो. तो दाराजवळ बसतो काय, रस्त्याचा कलकलाट त्याच्या कानी येतो काय, त्याला कमी ऐकू येते काय, हे आपण कितीदा पाहतो? निर्जीव मोडेमदेखील आधी तार तपासतो, वेग कमी करतो, चुकलेला भाग पुन्हा मागवितो. संदेश पोहोचला नाही म्हणून तो पलीकडच्यास दोष देत नाही. येत्या सोमवारी शेवटच्या रांगेतील मुलांना दहा शब्द सांगावेत, मग त्यांनाच पुढे बसवून तितकेच कठीण दुसरे दहा सांगावेत. दोन्ही वेळच्या चुका मोजल्या, की दोष मुलात आहे की वाटेत, याचा पहिला अंदाज आपणांस येईल.