चीनच्या वाटेवरचे भारतीय पथक

सहलीच्या मंडळीबरोबर चीनला निघणाऱ्या आपल्या वडूज-खटावकडच्या प्रवाशाने बीजिंगचा राजवाडा व अजस्र भिंत अवश्य पाहावी. परंतु ज्या भारतीय पथकाने युद्धाच्या वणव्यात तो देश पालथा घातला, त्याची माहितीही निघण्यापूर्वी करून घ्यावी.

जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनच्या साह्यार्थ राष्ट्रीय सभेने पाठविलेले पाच डॉक्टरांचे हे पथक सप्टेंबर १९३८ मध्ये मुंबईहून जलमार्गे रवाना झाले. अटल, बसू व मुखर्जी यांच्यासमवेत नागपूरचे चोळकर आणि सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस त्यात होते. कँटनला उतरून, हांकौ, चुंगकिंग असे मुक्काम करीत, १९३९ च्या आरंभी ते येनानला पोहोचले. पुढे १९४० मधील एका लढाईत कोटणिसांनी सलग ७२ तास जखमींवर शस्त्रक्रिया केल्या, बेथ्यून रुग्णालयाचा कारभार सांभाळला, तेथीलच क्वो छिंगलान यांच्याशी विवाह केला आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या ३२ व्या वर्षी, त्याच भूमीत देह ठेवला. बरोबर तीन महिने आधी, ९ सप्टेंबरला, वडूजच्या कचेरीवरील मोर्च्यात आपल्या खटाव तालुक्याचे वीर गोळीबारात हुतात्मा झाले होते.

बीजिंगच्या नैर्ऋत्येस शिच्याच्वांग येथील हुतात्मा-उद्यानात कोटणिसांची समाधी व पुतळा आहे. कार्यक्रमपत्रिकेत हे स्थळ नसल्यास व्यवस्थापकांकडे आग्रह धरून एक दिवस तिकडे काढावा. परक्यांच्या दुःखासाठी प्राण वेचणाऱ्या या महाराष्ट्रपुत्राला वंदन करणे, हे तेथे जाणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाचे कर्तव्यच होय.